पोट्टं नोटीस न देता गेलं, आता एग्रीमेंटचं काय करायचं?

वर्षातून दोनदा माझा फोन नुसता वाजत असतो, एकदा इन्क्रिमेंटची लेटरं निघाली की आणि एकदा दिवाळीचा बोनस खात्यात पडला की. कामावरचे पोट्टे बोनस पडेपर्यंत थांबतात आणि मग जातात, आणि मग हिंगण्याचा कारखानावाला, वाडीचा गोडाऊनवाला, धरमपेठेतला क्लासवाला सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, ते पोट्टं न सांगता गेलं ना जी, आपल्याकडं सही केलेलं एग्रीमेंट आहे, त्यात लिहिलंय तीन वर्षं दुसरीकडं काम करायचं नाही म्हणून, आता त्याला सोडायचं नाही, बोला काय करता येते."

मी वकील नाही हे आधीच सांगते. लहान कंपन्यांचे पगार, पीएफ, जॉइनिंगची कागदं, हिशेब हे माझं काम, आणि खरंच कोर्टात जायची पाळी आली की सिव्हिल लाईन्सला एक वकील मॅडम आहेत त्यांच्याकडं फाइल देते. पण दहातली नऊ प्रकरणं त्यांच्यापर्यंत जातच नाहीत, आणि नाही जात तेच बरं आहे, कारण मालकाला जे हवं असतं ते कोर्ट देत नाही आणि कोर्ट जे देऊ शकतं ते मालकानं मागितलेलंच नसतं.

हे "तीन वर्षं दुसरीकडं काम करायचं नाही" वालं कलम घ्या. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम २७ सरळ म्हणतं की कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय, नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद एकच, धंदा विकताना गुडविलही, म्हणजे धंद्याचं नाव आणि पत, विकलं असेल तर. इंग्लंडमधे कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का, किती वर्षांचं, किती मैलांचं, आणि वाजवी वाटलं तर चालू देतं. आपल्याकडं ती वाजवी-गैरवाजवीची भानगडच ठेवली नाही, कारण हे कलम न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्डनं केलेल्या मसुद्यावरून घेतलेलं आहे. कायदा आल्यावर दोनच वर्षांनी, १८७४ मधे, कलकत्ता हायकोर्टात एकाच वस्तीतल्या दोन पितळी भांडेवाल्यांचं भांडण गेलं होतं, एकानं दुसऱ्याला म्हटलं तू इथलं दुकान बंद कर मी तुला पैसे देतो, त्यानं बंद केलं, मग हा पैसे देईना. कोर्ट म्हणालं बंधन एका वस्तीपुरतं असलं तरी करारच चालत नाही तर पैसे कसले. म्हणजे दीडशे वर्षं झाली या गोष्टीला आणि आपले लोक अजून "मग तीन वर्षांऐवजी एक वर्ष लिहू का, भारताऐवजी नागपूर जिल्हा लिहू का" विचारतात. नोकरी सोडल्यानंतरचं बंधन असेल तर जिल्हा लिहा नाहीतर नुसतं सीताबर्डी लिहा, उत्तर तेच.

२००६ मधे सुप्रीम कोर्टात आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची केस झाली होती, त्याचं काम बघणारी कंपनी म्हणत होती की करार संपला तरी दुसऱ्या कोणाशी करार करायच्या आधी पहिली संधी आम्हालाच द्यायची. कोर्टानं म्हटलं करार संपल्यावर असं बांधून ठेवता येत नाही. मी मालक लोकांना हीच केस सांगते, क्रिकेटरचं नाव ऐकलं की लक्ष देतात, नाहीतर कलम नंबर सांगितला की चहा मागवतात.

आता याचा अर्थ पोट्ट्यांनी असा काढू नये की एग्रीमेंट म्हणजे रद्दी. नोकरीच्या मुदतीतलं बंधन ही वेगळी गोष्ट आहे, ते चालतं. १९६७ ची सेंच्युरी स्पिनिंगची केस आहे, कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्ड, म्हणजे टायरच्या आतला धागा, बनवायचे, तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं, एका सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार होता, तो मधेच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कारखान्यात गेला. सुप्रीम कोर्टानं मनाई हुकूम कायम ठेवला, पण कधीपर्यंत, तर त्या पाच वर्षांतली उरलेली मुदत संपेपर्यंत. तुम्ही परत या आणि काम करा असं मात्र कोर्ट कोणाला सांगत नाही, माणसाला बळजबरीनं कामावर बसवता येत नाही, विशिष्ट अनुतोष कायदा आहे १९६३ चा, त्यात वैयक्तिक सेवेचे करार असे अंमलात आणून मिळत नाहीत.

धरमपेठेतल्या त्या क्लासवाल्यांना मी हेच समजावत होते. त्यांचा फिजिक्सचा सर नोव्हेंबरात समोरच्या क्लासमधे गेला, तेही मेसेज करून, रात्री अकरा वाजता, "सर उद्यापासून जमणार नाही, समजून घ्या". जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सेशन, मे मधे नीट, बॅच अर्ध्यावर, पालकांचे फोन सुरू. नुकसान खरं आहे हो, यात मी मालकाच्याच बाजूची आहे, मधेच सर बदलला की पोरांचे दोन महिने जातात. पण एग्रीमेंटमधे काय होतं, तर "सोडल्यानंतर पाच वर्षं पाच किलोमीटरच्या आत शिकवणार नाही". आता धरमपेठेपासून पाच किलोमीटर म्हणजे अर्धं नागपूर झालं, त्या माणसानं शिकवायचं कुठं, कोराडीला? त्याऐवजी जून ते मे अशी मुदत लिहिली असती आणि त्या मुदतीत दुसऱ्या क्लासमधे शिकवायचं नाही एवढंच लिहिलं असतं, तर निदान वकील मॅडमला उभं राहायला जागा मिळाली असती. खात्री तेव्हाही नाही, राजीनामा दिल्यावर मुदत संपली की चालू यावरच वाद घालतात लोक, पण काहीतरी हातात असतं. पाच वर्षं पाच किलोमीटरमधे हातात काहीच नाही.

बॉण्डचं, म्हणजे इतकी वर्षं काम करा नाहीतर पैसे भरा या अटीचं, विचाराल तर मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाचा विजया बँकेचा निकाल आला आणि तेव्हापासून प्रत्येक मालक मला तो फॉरवर्ड करतो. "बघा ताई, सुप्रीम कोर्ट म्हणलं बॉण्ड चालते." चालतो, पण निकाल पूर्ण वाचा ना. सरकारी बँक, सिनियर मॅनेजरची पोस्ट, अट अशी की तीन वर्षं पूर्ण करा नाहीतर दोन लाख भरा. माणूस २००७ मधे लागला, २००९ मधे दुसऱ्या बँकेत गेला, दोन लाख भरले आणि मग भांडला, कर्नाटक हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टानं काय पाहिलं तर हे बंधन नोकरीतलं आहे, नंतरचं नाही, तो दुसरीकडं जायला मोकळाच होता. सरकारी बँकेला जाहिरात देऊन परीक्षा घेऊन माणूस भरावा लागतो, मधेच गेला की सगळी भरती पुन्हा, आणि त्या पोस्टच्या पगाराच्या मानानं दोन लाख फार नाहीत. यातलं तुमच्या बुटीबोरीच्या शेडला काय लागू होते सांगा, तुम्ही पोट्टा घेतला तो वॉचमनच्या ओळखीनं, ट्रेनिंग म्हणजे पहिले चार दिवस जुन्या माणसाच्या मागं उभं राहा, आणि बॉण्ड मागता पंधरा हजार पगारावर दोन लाखाचा.

रकमेचंही असंच आहे. करारात आकडा लिहिला म्हणून तो आकडा मिळतो असं नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढीच भरपाई. १९६३ च्या फतेहचंदच्या केसपासून हे चालत आलंय, आणि २०१५ मधे कैलाश नाथ विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) मधे कोर्टानं परत सांगितलं की नुकसान झालंच नसेल तर भरपाई कसली. म्हणून बाहेरगावी कोर्सला पाठवलं असेल तर त्याची फी, रेल्वेचं तिकीट, हॉटेलचं बिल, सर्टिफिकेटची झेरॉक्स हे सगळं त्याच्या फाइलमधे लागलेलं पाहिजे, आणि जसजसे महिने भरतील तसतशी बॉण्डची रक्कम कमी होत गेली पाहिजे. असा बॉण्ड मी स्वतः बनवून देते, दोन पानांचा, आणि त्यावर वसुली होते, बहुतेक वेळा भांडण न करता, कारण बिलं समोर ठेवली की पोट्टं पण समजते.

आता हिंगण्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांचा हिशेब सांगते, हे मला फार आवडतं प्रकरण. त्यांचा ड्रॉइंगवाला गेला, पगार ३६,००० रुपये, नोटीस ३० दिवसांची, राजीनामा दिला आणि सहा दिवसांनी यायचंच बंद केलं. भाऊंचं म्हणणं होतं की एग्रीमेंटप्रमाणे दोन लाख घ्यायचे, चालू महिन्याचा पगार द्यायचा नाही, रिलीव्हिंग लेटर द्यायचं नाही, पीएफ अडवायचा आणि जिथं गेला त्या कंपनीला वकिलाची नोटीस पाठवायची. मी म्हटलं भाऊ, आधी कागद पेन घ्या. २४ दिवसांची नोटीस कमी पडली, १,२०० रुपये रोज, म्हणजे २८,८०० रुपये त्याच्याकडून येणं. त्याचे चालू महिन्यात भरलेले १८ दिवस, म्हणजे २१,६०० पगार त्याला देणं. शिल्लक रजा सात दिवस, ८,४०० रुपये, तेही देणं, एकूण ३०,०००. म्हणजे सगळं वजा जाता भाऊंनीच त्याला १,२०० रुपये द्यायचे निघाले. भाऊंनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः करून पाहिलं, परत १,२००. मग मुनीमजीला बोलावलं. मुनीमजीचं उत्तरही १,२००.

त्यातही सगळं पगारातून सरळ कापता येत नाही. पगारातून काय काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली त्यातही हे आहेच. शिवाय राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असंही त्यात आहे, आधी हे काढून टाकलेल्यांसाठी होतं. ४५ दिवसांनी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, करू ही जी आपली पद्धत पडलीये ती कायद्यात नव्हतीच कधी, ती एचआरवाल्यांनी एकमेकांचं बघून चालवली. म्हणून आम्ही हिशेबाचा एक कागद केला, दोन्ही बाजूचे आकडे दाखवले, त्याला मेल केला, त्यानं "मान्य" लिहून पाठवलं, त्याच्या पगारातून १०,८०० कापले, बाकीचे १८,००० त्यानं वेगळे ट्रान्सफर केले आणि भाऊंनी १९,२०० टाकले. आता तुम्ही म्हणाल ही काय नुसती फिरवाफिरवी, तर हो, पण उद्या तो लेबर ऑफिसला गेला असता तर भाऊंकडं कागद होता.

पीएफ अडवायचा हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. त्याचे पैसे त्याच्या यूएएनवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पीएफ नंबरवर आहेत, तुमच्या तिजोरीत नाहीत, आणि तुम्ही एक्झिट डेट टाकली नाही तर दोन महिन्यांनी तो पोर्टलवर स्वतः टाकू शकतो. ग्रॅच्युइटीचं तेच, १९७२ च्या कायद्यात ती कशासाठी जप्त करता येते ते ठरलेलं होतं, मालमत्तेचं नुकसान, मारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, त्यात "नोटीस दिली नाही" कुठंच नव्हतं. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेणारे आणि सही केलेला कोरा चेक घेऊन ठेवणारे यांच्याबद्दल तर मला बोलायचंच नाही, मी अशा ठिकाणी काम घेत नाही. तो चेक बँकेत टाकला आणि बाउन्स झाला म्हणजे १३८ ची केस जिंकली असं वाटते लोकांना, पण चेकच्या मागं खरं देणं असावं लागतं, आणि ते देणं किती हे दाखवायला परत तेच बिलं न् तोच हिशेब.

मग मालकाचं खरं नुकसान होतं कुठं? माझ्या मते माणूस गेल्यानं फार कमी वेळा होतं. ते होतं गिऱ्हाईक गेल्यानं आणि डेटा गेल्यानं, आणि तिथं आपले लोक एकदम ढिले. इतवारीतल्या एका होलसेलवाल्यांकडं सेल्सचा पोट्टा होता, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया सगळी लाइन तोच फिरायचा, सगळे दुकानदार त्याला नावानं ओळखत, ऑर्डर त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सअपवर यायच्या, रेट तोच पाठवायचा, त्याच्या आईच्या तेरवीचं जेवण झालं तेव्हा गोंदियाचे दोन दुकानदार आले होते म्हणे. तो गेला तर नंबरही गेला, लाइनही गेली. एग्रीमेंट होतं अकरा पानांचं! पण सिम पोट्ट्याचं होतं. कंपनीचं सिम दिलं असतं, महिन्याचे दोनशे-तीनशे रुपये, तर अकरा पानांची गरजच नव्हती.

डेटा नेला असेल, म्हणजे ड्रॉइंग, रेट लिस्ट, पेशंटची यादी, तर तिथं मात्र मागं हटू नका, गुप्ततेचं कलम नोकरी सोडल्यावरही चालतं आणि परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधून माल उचलणं हे २००० च्या आयटी कायद्यात येतं. पण पुरावा पाहिजे, कोणत्या तारखेला कोणती फाइल कोणत्या मेलवर गेली, आणि तो पुरावा कोर्टात द्यायचा तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, नुसता स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकून चालत नाही. आणि लॅपटॉप परत आला की लगेच फॉरमॅट मारून नवीन माणसाला देऊ नका, दहातले आठ जण हेच करतात आणि मग मला म्हणतात पुरावा कुठून आणू.

पोट्टं यायचं बंद झालं की पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं ते सांगते. मेल टाका, आणि घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं तेच पत्र. भाषा साधी, तुम्ही अमुक तारखेपासून आले नाही, नोटीसचे इतके दिवस बाकी आहेत, कंपनीचं हे हे सामान तुमच्याकडं आहे, या तारखेपर्यंत या किंवा कळवा. धमकी नाही, "तुमचं करिअर संपवू" नाही, हे वाक्य मी खरंच एका लेटरमधे वाचलंय, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. कधी कधी माणूस आजारी असतो, कधी घरी काही झालेलं असतं, एकदा तर पोराचा अपघात होऊन तो मेडिकलला भरती होता आणि इकडं त्याला फरार ठरवून मोकळे झाले होते. नवीन कंपनीला नोटीस पाठवायची घाई तर बिलकुल करू नका, कलम चालणारं नसेल तर त्यांचा वकील एका पानात उत्तर देतो आणि नागपूर एवढंसं आहे, उद्या तेच तुमचे गिऱ्हाईक निघतात.

पोट्ट्यांनाही एक सांगायचंय. नोटीस न देता पळू नका रे. तुम्हाला कोणी अडवू शकत नाही हे खरं, पण नोटीसचे पैसे देणं लागता हेही खरं, आणि तीन वर्षांपर्यंत ते कोणी दाव्यात मागू शकतं. ऑफर लेटर वाचा, "नोटीस किंवा त्याऐवजी पगार" असं लिहिलं असेल तर पैसे भरून सन्मानानं जाता येते, तो करारभंगही नाही. नोटीसऐवजी पैसे घेणं "कंपनीच्या मर्जीनं" असं असेल तर मालकाशी बोला, अर्धे दिवस भरतो म्हणा, हँडओव्हर लिहून देतो म्हणा. मी पाहिलंय, पोट्टा समोर येऊन बोलला की मालकाचा अर्धा राग जागीच उतरते.

आणि मालक लोकहो, ते एग्रीमेंट इंटरनेटवरून उतरवणं बंद करा. मागच्या महिन्यात कळमेश्वरच्या एका युनिटचं पाहत होते, पाचशेच्या स्टॅम्पवर छापलेलं, सगळं टापटीप, आणि शेवटच्या पानावर "वाद झाल्यास फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात". मालक आयुष्यात बेंगळुरूला गेले नव्हते. मी म्हटलं तिरुपतीला जाताना दाखल करून या.

एक राहिलंच, मघाचे ते फॅब्रिकेशनवाले भाऊ. हिशेब झाल्यावर मुनीमजी म्हणाले नोटीस पेच्या वसुलीवर १८ टक्के जीएसटी पण लावायचा ना. नाही लागत. ३ ऑगस्ट २०२२ चं सर्क्युलर आहे, नोटीस पे आणि बॉण्डच्या वसुलीवर जीएसटी नाही असं स्वच्छ लिहिलंय. तुमचा अकाउंटंट लावत असेल तर हे दाखवा त्याला.